गॉर्डनची बायको घरी आहे

नाताळच्या दिवशी सकाळी मी पार्लरमध्ये जाऊन केस कापून घेतले, तिथेच घोटाळा झाला. एरवी मी असल्या फंदात पडत नाही. दर वर्षी गॉर्डनबरोबर कीथच्या हॉटेलात त्या टर्कीच्या जेवणाला जाते आणि घट्ट अंबाडा, इस्त्रीचा ब्लाउज एवढ्यावर माझं भागतं. पण या वर्षी इंग्लंडहून गॉर्डनची मुलगी वेंडी आली होती. तिच्यापुढे नूडलवाली दिसायचं नाही, असं मनाने घेतलं. पार्लरवालीने मानेपर्यंत केस कापले, काळेभोर रंगवले, तोंडाला पांढरं फासलं आणि पापण्यांवर आणखी पापण्या चिकटवल्या. शेजारच्या प्रानॉमने तिचा लाल झगा दिला होता. तो घालून मी घरी आले.

गॉर्डन टाय लावून व्हरांड्यात बसला होता. मला बघून उठला, हात जोडले, जरासा वाकला आणि आपल्या मोडक्यातोडक्या थाईत म्हणाला, "नमस्कार बाई. बसा ना. बायको बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टेखोर तर तो आहेच.

"चल रे म्हाताऱ्या," मी म्हटलं, "बूट घाल, गाडी येईल."

आवाज ऐकून तो क्षणभर थबकला, माझ्याकडे नीट बघितलं आणि परक्या बाईकडे बघून हसावं तसा हसला. पाहुणी जरा आगाऊच दिसते, असं त्याला वाटलं असणार. चष्मा, चाव्या, आपण जेवलो की नाही, कोणता महिना, सगळं तो दोन वर्षं विसरत होता. मला मात्र कधी विसरला नव्हता.

मी मोरीत जाऊन खसाखसा तोंड धुतलं, पापण्या उपटून काढल्या. पण कापलेले केस कुठून आणणार? तेवढ्यात बाहेर शेजारच्या नॉर्मनच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि आतून वेंडी पर्स शोधत आली.

"छान दिसताय," ती मला म्हणाली. तिने तोंडदेखलं का होईना, म्हटलं तरी.

आता वेंडी का आली होती ते सांगायला हवं. गॉर्डन इंग्लंडातल्या बार्न्सलीचा खाटीक. पहिली बायको वारल्यावर दुकान विकून फिरायला म्हणून इकडे आला, उदोन शहराच्या बाजारात माझ्या गाडीवर नूडल खाल्ले आणि परत गेला तो सामान आणायलाच. तेव्हापासून वेंडीच्या लेखी मी कानामागून आले आणि तिखट झाले. भांडण असं कधी झालं नाही. ती फोनवर मला "कशा आहात" विचारायची, मी "बरी आहे" म्हणायचे, की मग फोन गॉर्डनकडे. गेली दोन वर्षं ते फोन मी शेजारी बसून सांभाळले. तो अडला की मी खुणेने सांगायचे, फारच अडला की कुत्र्याला भुंकायला लावायचे. पण गेल्या महिन्यात गॉर्डन बस स्टँडवर सापडला, पायात चप्पल नाही, आणि नॉर्मनने तेवढं वेंडीला कळवलं. नॉर्मन म्हणजे माझ्या प्रानॉमचाच नवरा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

आल्याच्या संध्याकाळीच वेंडीने मला सरळ सांगितलं. "माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे, नर्सेस चांगल्या आहेत. नाताळपर्यंत मी बघते. डॅड ठीक असतील तर मी एकटी जाईन. नाहीतर त्यांना घेऊन जाईन."

वाईट वाटलं तरी तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. बाप तिचा. आणि माझी बाजू लंगडी. आमचं लग्न माझ्या गावी झालं, म्हाताऱ्यांनी मनगटाला दोरे बांधले, सगळ्या गावाने पोटभर खाल्लं. सरकारी कचेरीत जायचं मात्र आज जाऊ उद्या जाऊ करता करता राहूनच गेलं. कागदावर मी त्याची कोणीच नव्हते. म्हणून तो आठवडा मी झाकली मूठ सव्वा लाखाची करून काढला. वेंडीने अवघड काही विचारलं की मी चमचा पाडायचे, नाहीतर गॉर्डनला कोंबड्यांना दाणे टाकायला पिटाळायचे. आता एवढं एक जेवण पार पडलं की झालं. आणि नेमकं त्याच दिवशी नवऱ्याने मला "बसा ना बाई" म्हटलं.

कीथचं हॉटेल तलावाकाठी आहे. बाहेर शाळा, बँका सगळं चालू, रस्त्यावर उसाचा रस विकतायत, आणि आत खिडक्यांना कापसाचा बर्फ. सगळे फरांग, म्हणजे गोरे, म्हातारे स्वेटर घालून बसलेले, आणि ते स्वेटर सोसावेत म्हणून कीथने एसी इतका वाढवलेला की आम्ही बायका कुडकुडतोय. दर वर्षी असंच असतं. आम्ही बायका पर्समधून मिरचीचा ठेचा आणि चिकट भाताच्या पिशव्या नेतो, कारण ती टर्की ठेच्याशिवाय घशाखाली उतरत नाही. कीथला ते ठाऊक आहे. तो मान वळवतो.

लांब टेबलाच्या एका टोकाला गॉर्डन बसला, त्याच्या एका हाताला वेंडी, दुसऱ्या हाताला मी. समोर नॉर्मन आणि प्रानॉम. गॉर्डनने माझ्यासाठी खुर्ची ओढली. घरी तो माझ्यासाठी खुर्ची ओढत नाही, उलट मी बसले की म्हणतो, "उठतेयस तर मीठ आण."

जेवणाआधी ते फटाके ओढतात. कागदाची नळी असते, दोघांनी दोन टोकं धरून ओढायची, फट् होतं, आतून कागदी मुकुट पडतो आणि एक फालतू विनोद. गॉर्डनने आपल्या नळीचं टोक माझ्यापुढे धरलं.

"ओढा बाई, घाबरू नका. फार आवाज नाही होत."

मी ओढलं. मुकुट त्याच्याकडे गेला. तो त्याने उलगडून मला दिला, दोन्ही हातांनी, पाहुण्याला द्यावा तसा. प्रानॉमने कान टवकारले. टेबलावर वाकून आमच्या इसानी बोलीत ती पुटपुटली, "ताई, हा तुला बाई बाई काय करतोय गं?"

"ओळखत नाहीये."

"अगं बाई! कधीपासून?"

"पार्लरपासून."

"केस कशाला कापलेस मग एवढे?"

"परत चिकटवू का आता? गप्प बस, पोरगी बघतेय."

वेंडी खरंच बघत होती. सूप आलं, आणि नेमका तेव्हाच गॉर्डन माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, थाईत म्हणाला, "तुमचे यजमान नाही आले?"

"आलेत," मी म्हटलं. "पण आज त्यांचं लक्ष नाही माझ्याकडे."

"अरेरे," तो म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"काय म्हणतायत डॅड?" वेंडीने विचारलं.

"सूप गरम आहे म्हणतोय," मी सांगितलं. आमच्या टोकाला थाई येणारी दुसरी फक्त प्रानॉम, ती माझीच. नॉर्मन या देशात वीस वर्षं राहून 'बिअर' आणि 'बिल' एवढंच शिकला, आणि त्यातलं दुसरं तो बायकोला बोलायला लावतो.

पण नॉर्मनची जीभ इंग्रजीत भारी चालते. आपण कळवलं ते खरंच होतं, असं वेंडीला दिसावं म्हणून तो टपला होता. सूप संपतंय न संपतंय तोच म्हणाला, "काय रे गॉर्डन, तू इकडे आलास ते साल कुठलं?"

गॉर्डनने चमचा खाली ठेवला. कपाळाला आठ्या पडल्या. तो शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं, ते सगळ्या टेबलाला दिसत होतं. वेंडीने हातातला पाव ताटात ठेवला.

"आणि तुझं लग्न कधी झालं रे?" प्रानॉमने नवऱ्याच्या दंडावर चापट मारली. "तारीख सांग. सांग की. आत्ता सगळ्यांसमोर सांग."

नॉर्मन लालेलाल झाला. पलीकडच्या बाजूचे म्हातारे हसायला लागले, आपापल्या बायकांची तोंडं चुकवू लागले. त्या टेबलावर एकालाही तारीख आली नसती. गॉर्डनही हसला आणि वेळ टळली. प्रानॉमचा मी तेव्हा मनातल्या मनात मुका घेतला.

मग कीथने टर्की आणली. बाकीच्यांना आत कापून ताटं वाढतात, पण आमच्या टेबलावर पक्षी अख्खा येतो आणि सुरी गॉर्डनपुढे ठेवली जाते. खाटकासमोर दुसऱ्याने मांस कापायचं नाही, असा कीथचाच नियम. माझी सगळी भिस्त यावरच होती. गेल्या वर्षापर्यंत त्याचा हात चुकला नव्हता. तरी सुरी त्याच्या हातात गेली तेव्हा मी त्याच्या बोटांवरून नजर हलवली नाही.

गॉर्डनने आधी सुरीची धार अंगठ्याने पाहिली. नाक मुरडलं. कीथकडे पोलादी कांडी मागितली, सुरी तिच्यावर सपासप ओढली, पुन्हा पाहिली. बाह्या वर केल्या. सांध्यात टोक घातलं आणि तंगडी अलगद सुटून आली, जोर असा लावलाच नाही. मग छातीचे काप, एका मापाचे, एकावर एक. त्याचं वाकलेलं अंग सरळ झालं होतं, तोंडाने तो हळू शीळ घालत होता, आणि दुकानात काउंटरपलीकडे उभा असावा तसा प्रत्येकाला विचारत होता, "पांढरं की काळं? चरबी चालेल? आई कशी आहे?"

"बरी आहे, गॉर्डन," नॉर्मन म्हणाला. त्याची आई कधीच वारली होती. पण तेवढी माणुसकी त्याने दाखवली.

वेंडीच्या ताटात त्याने कातडीचा खरपूस तुकडा घातला आणि कोबीचे ते बारके गड्डे चमच्याने बाजूला सारले. "हिला नाही आवडत," तो कीथला म्हणाला. "रडते."

"डॅड, आता मी खाते ते," वेंडी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

माझ्या ताटात त्याने पांढऱ्या मांसाचे दोन काप नीट मांडले. पांढरं मांस मी तोंडात घालत नाही, पण पाहुण्याला चांगलं ते द्यायचं असतं. मी ठेचा लावून मुकाट्याने गिळलं.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागे गेले तर वेंडी मागोमाग आली. नळ उघडा सोडून ती उभी राहिली.

"लहानपणी शनिवारी मी दुकानात जायचे," ती म्हणाली. "आज तेच डॅड दिसले. नॉर्मनने फार वाढवून सांगितलं मला. माणूस विसरतो वयाप्रमाणे, त्यात काय. मी एकटीच जाईन, लामदुअन. उगाच तुम्हाला आठवडाभर टांगून ठेवलं."

मी जिंकले होते. आनंदाने ओरडावं असं वाटायला हवं होतं. पण नळाच्या वरच्या आरशात मला ती कापलेल्या केसांची बाई दिसली. पोरीने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. मी तिला म्हटलं, "चल, पुडिंग येईल."

ते काळं पुडिंग येतं, दिवे घालवतात, वर ब्रँडी ओतून पेटवतात. निळा जाळ झाला, टाळ्या झाल्या. दिवे लागले तेव्हा गॉर्डन उभा होता. टेबलावरच्या थाळीत एक तंगडी उरली होती, ती त्याने कागदी रुमालात गुंडाळली, दुसऱ्या रुमालात पुन्हा गुंडाळली आणि छातीशी धरली. मुकुट काढून घडी करून ठेवला.

"डॅड, कुठे निघालात?" वेंडी म्हणाली. "पुडिंग खायचंय ना?"

तो बेचैन झाला होता. दाराकडे बघत होता, खिडकीकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या माणसांत मीच त्याला विचारण्यासारखी वाटले. वाकून, हलक्या आवाजात, थाईत त्याने विचारलं:

"बाई, तुम्ही इथल्याच दिसता. लामदुअनचं घर कुठं आहे, ठाऊक आहे का? नूडलवाली लामदुअन. मला उशीर झाला. ती मी आल्याशिवाय जेवत नाही हो, आणि तिला तंगडीच आवडते."

प्रानॉमने तोंडावर हात घेतला.

"काय झालं?" वेंडी म्हणाली. "काय म्हणाले?"

सांगायला काय, सोपं होतं. दमलाय म्हणतोय, घरी जाऊ या. दिवसभर मी तेच तर करत आले होते, आणखी एक वाक्य काही जड नव्हतं. ते बोलले असते तर वेंडी एकटी विमानात बसली असती. प्रानॉम डोळ्यांनी मला तेच सांगत होती. माझ्या तोंडाशी ते वाक्य आलंही. पण जन्मात माझ्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. आईने नाही, भावांनी नाही, आणि गॉर्डननेही कधी तोंडावर नाही. तो मला विचारत होता ते घर माझं होतं, तो ज्या बाईसाठी जीव टाकत होता ती मी होते, आणि ते मीच 'दमलाय' म्हणून गिळून टाकायचं? नाही झालं माझ्याच्याने.

"वेंडी," मी म्हटलं, "आज सकाळपासून तो मला ओळखत नाहीये. केस कापले ना, म्हणून. मी तुझ्यापासून लपवलं. आत्ता मला विचारतोय, लामदुअनचं घर कुठं आहे. म्हणतोय, ती त्याच्याशिवाय जेवत नाही, तिला तंगडी आवडते, उशीर झालाय."

नॉर्मन ताटात बघत राहिला. वेंडीने डोक्यावरचा कागदी मुकुट काढला, तो हातात फाटला. ती मला रागावेल, खोटारडी म्हणेल, मी तयारीत होते. तिने विचारलं, "मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"अजून काहीच नाही."

"द्या ना. वाट बघतायत ते."

मी उठले आणि गॉर्डनला म्हटलं, "ठाऊक आहे मला. मी त्याच आळीत राहते. चला, सोडते."

त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "फार उपकार झाले," तो म्हणाला. मग वेंडीकडे वळून इंग्रजीत, "तूही चल. लामदुअनशी तू कधी धड बोललीच नाहीस. वाईट नाहीये गं ती. तोंडाने फटकळ आहे जरा."

"हो डॅड," वेंडी म्हणाली. "येते. बोलते."

नॉर्मन न सांगता गाडीची चावी घेऊन उठला. बाहेर ऊन उतरलं होतं, शाळेची पोरं सायकलींवरून घरी चालली होती. गॉर्डनला पुढे बसवून, त्याचा पट्टा लावून आम्ही बायका मागे बसलो. तिचं तिकीट, तो वृद्धाश्रम, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. विचारायचा धीर होईना.

शेवटी तीच बोलली. "मी त्यांना बार्न्सलीला नेलं तर रोज संध्याकाळी ते कोट घालून उभे राहतील आणि तुमचं घर विचारतील. तिथे कोणाला ठाऊक आहे?"

मी खिडकीकडे तोंड केलं. प्रानॉमने माझ्या मांडीवर हात ठेवला, स्वतःही रडत होती, नाक माझ्याच झग्याला म्हणजे तिच्याच झग्याला पुसलं.

आमच्या आळीत गाडी वळली तेव्हा गॉर्डन मान मागे करून मला थाईत म्हणाला, "घरी आलात की लगेच जाऊ नका हं बाई. राहा. लामदुअन काही म्हणायची नाही."

"आता काय म्हणाले?" वेंडीने विचारलं.

"राहा म्हणतोय."

"कोणाला? तुम्हाला की मला?"

"दोघींना," मी सांगितलं. त्यातलं निम्मं माझ्या पदरचं होतं.